स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेलाचे दोष व गळतीचे निदान : कसारा घाटमार्गाच्या संदर्भात

प्रास्ताविक :
शहापूर तालुक्यातील आटगाव हे मुंबई-नाशिक महामार्गालगतचे गाव होय. नाशिककडे जाणारे वाहन येथून खर्डीमार्गे कसारा घाटाला लागते. या मार्गावर आता स्वयंचलित मोटारीही धावतात. त्यांच्या गिअरबॉक्समधील तेलाचे दोष घाट चढण्यापूर्वीच कसे ओळखावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तेलाचे कार्य :
टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गिअरबॉक्समध्ये तेल वंगणाचे काम करतेच. शिवाय इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवते, आपल्या दाबाने क्लचना पकड देते आणि उष्णता वाहून नेते. तेल कमी झाल्यास पंप हवा ओढतो, दाब घटतो व क्लच घसरू लागतात. गिअर टाकल्यावर मोटार उशिरा हलणे, इंजिनाचा आवाज वाढूनही वेग न वाढणे, ही त्याची लक्षणे होत. चढावर कमी वेगात कन्व्हर्टरमधील घसरण वाढून तेल अधिक तापते. त्यामुळे सपाट रस्त्यावर लपलेला दोष घाटात उघड होतो.

तेलाचे परीक्षण :
इंजिन ऑइल थोडेफार जळते. हे तेल मात्र बंदिस्त फिरत असते. त्यामुळे योग्य भरलेल्या तेलाची पातळी खालावल्यास गळती आहे, असेच समजावे. नवे तेल बहुधा लाल व पारदर्शक असते. काळपट रंग व करपट वास क्लचचे अस्तर जळाल्याचे सुचवतात. दुधाळ गुलाबी रंग पाणी अथवा कूलंट मिसळल्याचे चिन्ह होय. पातळी प्रमाणाबाहेर गेल्यास तेल फेसाळते.

गळतीचे स्थान :
पावसाळ्यात जमिनीवरील डाग धुऊन जातात. म्हणून मोटार कोरड्या जागी रात्रभर उभी करून खाली पुठ्ठा अंथरावा. काही मोटारींत स्टिअरिंगचे तेल व कूलंटही लाल असते, तेव्हा केवळ रंगावर विसंबू नये. धावताना तेल वाऱ्याने मागे पसरते. यासाठी तळ स्वच्छ पुसून, छोटी फेरी मारून, सर्वांत वरचा व पुढचा ओला भाग शोधावा. इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून ठिबकणारे गिअरबॉक्सचे तेल पुढील सीलकडे, चेंबरच्या कडेचा ओलावा गॅस्केटकडे, तर चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टजवळचा ओलावा शाफ्टच्या सीलकडे निर्देश करतो. रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्यांचे सांधेही तपासावेत.

एक भेद :
२०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर भारतात आलेली एएमटी पद्धतही स्वयंचलित म्हणवली जाते. परंतु तिचा गिअरबॉक्स मूलतः साधा असून त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो. तिला व सीव्हीटीला वेगळे तेल लागते. पातळी तपासण्याची रीतही मोटारीगणिक बदलते. अनेक मोटारींना त्यासाठी डिपस्टिकच नसते. म्हणून उत्पादकाची पुस्तिका पाहणे अनिवार्य आहे.

निष्कर्ष :
तेलाची भर घालणे हा गळतीवरील उपाय नव्हे. तप्त एक्झॉस्टवर तेल सांडल्यास आगीचा धोका संभवतो. सीलची वेळीच केलेली दुरुस्ती संपूर्ण गिअरबॉक्स उघडण्याचा मोठा खर्च टाळू शकते. दोषाची लक्षणे दिसत असताना मोटार घाटात नेऊ नये. चढावर शक्ती तुटलेले वाहन स्वतःसह मागून येणाऱ्यांनाही संकटात टाकते.