वरचा डावा कोपरा
(घरबसल्या पदवी : लेखांक ९)

पदवीच्या मान्यतेचा विषय या आठवड्यात घ्यायचं कबूल केलं होतं. परदेशी विद्यापीठं, यूजीसी, सगळी टिपणं काढूनही ठेवली होती. पण डिचोलीहून एका आईचं पत्र आलं आणि टिपणं बाजूला राहिली. त्या लिहितात, ‘आमच्या बायचा हात चित्रात चांगला आहे. चवथीआधी चित्रशाळेत मूर्तींचे डोळे रंगवायला तिलाच बोलावतात. गणिताचं मात्र नाव काढलं की तिच्या पोटात दुखतं. तिनं घरबसल्या कम्प्युटरच्या पदवीच्या वाटेला जावं का?’

जावं. गणिताची भीती आहे हे मान्य, पण आधी कोणतं गणित ते बघू.

इग्नूची बीसीए आपल्याला पणजीच्या विभागीय केंद्रामुळे जवळची, पण चित्राची भूक तिथे भागत नाही. आयआयटी मद्रासनं २०२० मध्ये सुरू केलेल्या डेटा सायन्सच्या पदवीत पात्रता फेरीलाच गणित आणि संख्याशास्त्र उभं असतं. लंडन विद्यापीठ क्रिएटिव्ह कम्प्युटिंग म्हणून जे घरबसल्या शिकवायचं, त्याचा अभ्यासक्रम गोल्डस्मिथ्स कॉलेजनं आखलेला. सुरुवातच प्रतिमा, ध्वनी आणि गतीपासून. २०१९ पासून त्याच कॉलेजच्या देखरेखीखाली कोर्सेरावर कम्प्युटर सायन्सची पदवी चालते आणि गेम, व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी वगैरे वाटा तिच्यात आहेत. (घरबसल्या पदवी म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांसाठी : लंडन विद्यापीठ १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू देतं. आणि १८५७ चं आपलं मुंबई विद्यापीठ त्याच लंडनच्या नमुन्यावर निघालं, तेही आरंभी फक्त परीक्षा घेणारंच होतं.)

आता गणित. त्यासाठी लंडनला नको, देवळात जाऊ.

गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी असते, तांबडी-पांढरी. भिंतीला शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा थर. थर ओला असतानाच लोखंडी काट्यानं नक्षी खरवडायची, की खालचा पांढरा वर येतो. रंग लावून नव्हे, काढून चित्र होतं. चुकलं तर पुसायची सोय नाही, आणि गिलावा वाळायच्या आत हात उरकायचा. म्हणजे कारागिराच्या डोक्यात क्रम आधी पक्का हवा : मधला बिंदू, मग वर्तुळ, मग पाकळ्या, सगळ्यांत शेवटी कडेची वेल. प्रोग्रॅम म्हणजे तरी दुसरं काय असतं? माझं तर मत आहे की मागे घ्यायचं बटण हाताशी असल्यानं आजचे विद्यार्थी असा क्रम लावायला आळसावतात.

कावीतलं फूल बहुधा कंपासातून निघतं. वर्तुळ काढा, कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर टोक टेकवत चला. सहाव्या खेपेला बरोबर निघाल्या जागी परत. सहा पाकळ्या झाल्या. मधले कोन दुभागले की बारा. आपल्या बायनं रांगोळीत हे किती वेळा केलं असेल, फक्त त्याला गणित म्हटलं नसेल.

हेच फूल पी-फाइव्ह या प्रोग्रॅमिंगच्या साधनात काढायला घेऊ. त्याची आधीची पिढी प्रोसेसिंग. केसी रीस आणि बेन फ्राय या दोघांनी ते २००१ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये चित्रकारांसाठी म्हणून सुरू केलं. शाळेत मुलं ठोकळे जोडून ज्यात मांजर नाचवतात ते स्क्रॅच त्याच लॅबचं, त्यामुळे घर ओळखीचंच. एक पाकळी, म्हणजे एक लांबट लंबवर्तुळ. ते काढा, ३० अंशांनी फिरवा, पुन्हा काढा, असं बारा वेळा. तीन-चार ओळींचा मामला.

चालवून बघितलं की फूल नाहीच. वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन-तीन पाकळ्या अंग चोरून बसलेल्या, बाकीच्या पडद्याबाहेर. त्याही अस्ताव्यस्त.

अस्ताव्यस्त असण्याचं कारण सोपं. यंत्र कोन रेडियनमध्ये मागतं, आपण त्याला अंशांतले ३० दिले. अंश घे असं एका ओळीत सांगता येतं. कोपऱ्याची भानगड जास्त मजेची. शाळेच्या आलेखात शून्य खाली डावीकडे किंवा मधोमध असतं आणि वाय वर चढतो. पडद्यावर शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि वाय खाली उतरतो, कारण जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये किरण तिथूनच निघून ओळीमागून ओळ खाली यायचा. फिरवणं होतं ते त्या शून्याभोवती. कंपासाचं टोक भिंतीच्या कोपऱ्यात रोवलं तर पाव वर्तुळच भिंतीवर उमटणार, बाकीचं हवेत.

म्हणून आधी ट्रान्सलेट, म्हणजे शून्य उचलून मध्यावर आणा, मग रोटेट. हा क्रम उलटा करून पाहा : आधी फिरवा, मग सरकवा. चित्र वेगळंच येतं, कारण आता सरकणंही फिरलेल्या दिशेनं होतं. पुढे मॅट्रिक्सच्या धड्यात अ गुणिले ब आणि ब गुणिले अ सारखे का येत नाहीत हे पाठ करून घेतात, तेव्हा बायला हे फूल आठवेल. या क्षेत्रातलं बरंचसं गणित असंच येतं, आधी डोळ्यांना चुकलेलं दिसतं आणि मग त्याचं सूत्र शोधावं लागतं. ज्याला चुकलेलं दिसतच नाही त्याची पंचाईत. मूर्तीचे डोळे रंगवणारीला ते दिसणार.

नक्षीकडे गणित म्हणून बघणारे आपल्या देशात पूर्वीच होऊन गेले. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातले गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये कोलमवर, म्हणजे तमिळ रांगोळीवर, शोधनिबंध लिहिला. दारातली रांगोळी ही चिन्हांची भाषा मानून तिचं व्याकरण त्यांनी मांडलं. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे ओळी आणि स्तंभ; प्रोग्रॅममध्ये ती दोन लूप एकात एक घालून येते.

पावसात वीज गेली की काय करायचं, असं पेडण्याच्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय. प्रोसेसिंग एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. पी-फाइव्हची फाइलही लॅपटॉपवर ठेवून ब्राउझरमध्ये चालते. जून उजाडायच्या आत दोन्ही उतरवून ठेव, लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत काम थांबत नाही.

बायसाठी गृहपाठ : सात पाकळ्यांचं फूल. नुसती पट्टी आणि कंपास घेऊन वर्तुळाचे सात समान भाग करता येत नाहीत. ते अशक्य असल्याचं १८३७ मध्ये वांट्झेलनं सिद्ध केलं. पाच जमतात, सतरासुद्धा जमतात (हे गाउसनं ऐन तारुण्यात, १७९६ मध्ये दाखवलं), सात आणि नऊ नाहीत. पी-फाइव्हला त्याचं सोयरसुतक नाही, ३६० भागिले ७ लिहिलं की तो गुमान फिरतो. फूल झालं की मधला कोन कागदावर भागाकारानं काढून बघ आणि कितव्या दशांशाला कंटाळलीस ते कळव. मान्यतेचं पुढच्या आठवड्यात. घुमटाच्या आवाजाबद्दल आलेलं पत्र मध्ये घुसलं नाही तर.