टेस्ट पास, साइट नापास: लोड टेस्ट आपल्याला फसवते ती कुठे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं बोलल्यासारखंच ठेवलंय.

लोड टेस्टिंगबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा: "आमचा रिपोर्ट हिरवागार होता हो, तरी खऱ्या दिवशी साइट झोपली. असं कसं?"

थोडक्यात उत्तर आधीच देतो. टेस्टनं उत्तर बरोबर दिलेलं असतं, फक्त आपण तिला प्रश्न फार सोपा विचारलेला असतो. तो सोपा कुठे होतो, एवढंच आज बघूया.

किती माणसं, आणि कशी येणार?

टेस्ट ठरवताना मीटिंगमध्ये पहिला प्रश्न येतो, "युजर किती?" कुणीतरी एक आकडा सांगतं आणि तोच टूलमध्ये जातो. पण नुसत्या आकड्याला तसा काही अर्थ नाही.

आपल्या दहावीच्या निकालाचं उदाहरण घ्या. १६ जुलै २०२१. कोविडमुळे परीक्षा झालीच नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागणार होता. वेळ दुपारी १ ची. त्या दिवशी निकालाच्या साइट कित्येक तास उघडत नव्हत्या, हे तुम्हाला आठवत असेल. विद्यार्थी होते जवळपास १६ लाख.

आता साधं गणित करू. समजा हे १६ लाख लोक दिवसभरात सावकाश आले असते, तर सेकंदाला साधारण १८ ते १९ जण. हे एखादा बेताचा सर्व्हरसुद्धा सांभाळेल. पण समजा त्यातले निम्मे पहिल्या १० मिनिटांत आले. मग सेकंदाला १,३०० च्या वर. आणि एका निकालासाठी मुलगा बघतो, आई बघते, गावाकडून मामा बघतो. पान उघडलं नाही की प्रत्येक जण रिफ्रेश दाबतो, तो हिशेब वेगळाच!

माणसं तीच, पण लोड ७० पट. म्हणजे खरा प्रश्न "किती" एवढाच नाही. कोणत्या मिनिटाला, किती वेगानं, आणि पान नाही उघडलं तर ते काय करणार, हे सगळं त्यात येतं. तत्काळ तिकिटांचं सकाळी १० आणि ११ ला असंच होतं, गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं बुकिंग उघडतानाही असंच.

टेस्टमधला समजूतदार युजर

आता मुद्द्याचं. जेमीटरसारख्या टूलमध्ये आपण साधारणपणे "१०० थ्रेड" असं सांगतो. प्रत्येक थ्रेड म्हणजे एक खोटा युजर. तो रिक्वेस्ट पाठवतो, उत्तराची वाट बघतो, उत्तर आलं की पुढची पाठवतो. याला क्लोज्ड मॉडेल म्हणतात.

यातली गोम लक्षात आली का? सर्व्हर मंदावला की हा युजरही मंदावतो! सर्व्हरला दम लागलाय ना, मग थांबतो बिचारा. घरातली चार माणसं आणि एक बाथरूम असावं तसं. आतला कितीही वेळ लावू दे, बाहेर रांग तिघांच्या वर जाणारच नाही.

खरी साइट म्हणजे एसटी स्टँडची खिडकी. आतला कर्मचारी उठून गेला तरी स्टँडवर माणसं येतच राहतात, कारण आत काय चाललंय ते त्यांना माहीतच नसतं. याला ओपन मॉडेल म्हणतात.

याचा आकड्यांवर काय परिणाम होतो ते बघा. समजा १०० सेकंदांची टेस्ट आहे, सेकंदाला एक रिक्वेस्ट. पहिली ८० सेकंद सर्व्हर १० मिलिसेकंदांत उत्तर देतो. मग तो गोठतो, थेट २० सेकंद.

क्लोज्ड टेस्टमध्ये काय नोंदलं जातं? ८० झटपट उत्तरं आणि एकच २० सेकंदांचं. सरासरी पाव सेकंद. ९५ वा पर्सेंटाइल, म्हणजे १०० पैकी ९५ जणांना जास्तीत जास्त किती वेळ लागला तो आकडा, १० मिलिसेकंद. रिपोर्ट हिरवा!

खऱ्या जगात त्या २० सेकंदांत २० माणसं आली असती. पहिला २० सेकंद थांबला असता, दुसरा १९, असं करत शेवटचा १. मग सरासरी येते २ सेकंदांच्या वर, आणि ९५ वा पर्सेंटाइल येतो १५ सेकंद.

सर्व्हर तोच, बिघाडही तोच. एका रिपोर्टमध्ये १० मिलिसेकंद, दुसऱ्यात १५ सेकंद. ज्यांना त्रास झाला असता ती माणसं पहिल्या टेस्टनं मोजलीच नाहीत. गिल टेने या अभियंत्यानं या प्रकाराला "कोऑर्डिनेटेड ओमिशन" असं नाव दिलंय. मी याला मराठीत "संगनमतानं गाळलेली माणसं" म्हणतो.

आत अडकलेली गर्दी

दुसरी गोष्ट लिटलच्या नियमाची. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. घाबरू नका, एकच गुणाकार आहे: आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत घालवलेला वेळ.

सेकंदाला २०० रिक्वेस्ट येतायत आणि प्रत्येक जण डेटाबेसचं कनेक्शन ०.०५ सेकंद धरून ठेवतो. म्हणजे एका वेळी १० कनेक्शन व्यस्त. तुमचा पूल २० चा आहे, निवांत. आता एका क्वेरीचा इंडेक्स राहिला आणि तोच वेळ ०.५ सेकंद झाला. लगेच १०० कनेक्शन हवीत, आणि आहेत २०. बाकीचे रांगेत.

म्हणून साइट हळूहळू मंदावत नाही, एकदम कोसळते. सीपीयू ३० टक्क्यांवर आणि साइट बंद, असं चित्र दिसलं की आधी पूल बघा.

अमेरिकेतला १ ऑक्टोबर २०१३

हे सगळं एकत्र बघायचं तर हेल्थकेअर डॉट गव्ह. अमेरिकी सरकारची आरोग्य विमा घ्यायची साइट, ३६ राज्यांसाठी. एका वेळी ५० ते ६० हजार लोक येतील असा अंदाज होता. सरकारनंच नंतर सांगितलं की प्रत्यक्षात अडीच लाख आले. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली किती जणांची? सहा.

पण मला यातली शिकण्यासारखी गोष्ट आकड्यापेक्षा वाटेची वाटते. विम्याच्या योजना नुसत्या बघायच्या असल्या तरी आधी खातं उघडायला लागत होतं. म्हणजे "जरा बघून येतो" म्हणणारा प्रत्येक माणूस सर्वांत जड दारातूनच आत जाणार. शिवाय सगळे भाग जोडून केलेली टेस्ट सुरुवातीच्या आधी जेमतेम दोन आठवडे झाली, हे कंत्राटदारांनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं. वेगवेगळे भाग आपापल्या टेस्टमध्ये ठीक असतीलही, लोकांना मात्र पूर्ण वाट चालायची होती. आणि हे कुणी गंमत म्हणून आलेले नव्हते. ज्यांच्याकडे विमा नाही, अशी आजारी माणसंही त्या पानासमोर बसली होती.

मग टेस्ट लिहायची कशी?

मी स्वतः या क्रमानं जातो:

१. युजरची संख्या नाही, येण्याचा वेग ठरवा. के-सिक्समध्ये "कॉन्स्टंट अरायव्हल रेट" आहे, गॅटलिंगमध्ये ओपन इंजेक्शन आहे, जेमीटरमध्ये ५.५ पासून ओपन मॉडेल थ्रेड ग्रुप आहे. तोच वापरा.

२. उडी मारून बघा. हळूहळू वाढवलेल्या लोडमध्ये कॅशला आणि ऑटोस्केलिंगला तयारीला वेळ मिळतो. दुपारी १ वाजता तो मिळत नाही.

३. डेटा वेगवेगळा द्या. एकच सीट नंबर हजार वेळा मागितलात तर तुम्ही फक्त कॅश तपासताय.

४. सरासरी बाजूला ठेवा, ९५ वा आणि ९९ वा पर्सेंटाइल बघा. एका पानाला २० रिक्वेस्ट लागत असतील आणि त्यातली प्रत्येक १०० पैकी एकदाच अडखळत असेल, तरी १०० पैकी १८ पानं अडखळतात.

५. लोड पाठवणारं मशीनही तपासा. त्याचाच सीपीयू भरला असेल तर तुम्ही साइट नाही, स्वतःचा लॅपटॉप मोजताय.

६. मोडेपर्यंत न्या. कितीला मोडते, मोडल्यावर लोकांना काय दिसतं, आणि लोड कमी झाल्यावर ती आपोआप उठते का, ही तिन्ही उत्तरं लिहून ठेवा. काही साइट गर्दी ओसरल्यावरही उठत नाहीत, कारण अडकलेले रीट्राय तिला पुन्हा पुन्हा खाली ओढतात.

आणि एक, टेस्टच्या आधी हे विचारा: हे काम त्या क्षणी करायलाच हवं का? लागलेला निकाल बदलत नाही, त्यामुळे तो आधीच साध्या फाइल करून सीडीएनवर ठेवता येतो. सगळ्यात स्वस्त रिक्वेस्ट म्हणजे तुमच्या डेटाबेसपर्यंत न पोचलेली रिक्वेस्ट!

पुढच्या वेळी कुणी हिरवा रिपोर्ट समोर ठेवला तर एवढंच विचारा: "सर्व्हर अडकला तेव्हा तुमचे युजर थांबले होते का?" उत्तर "हो" आलं, तर सही करायच्या आधी टेस्ट पुन्हा चालवायला सांगा.

तुमच्याकडे लोड टेस्ट कशी चालते ते जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात.