टँकर-चालकाचे काम : होतकरू तरुणांसाठी काही माहिती

कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांत अशी वस्ती क्वचितच सापडेल की जिच्यात एकही ड्रायव्हर नाही. त्यातही खोपोली, सावरोली, चौक, रसायनी-मोहोपाडा या पट्ट्यात टँकरवर काम करणारे पुष्कळ. कारण उघड आहे. माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांतून निघणारे पेट्रोल-डिझेल, न्हावा-शेवा बंदरावर उतरणारी रसायने, रसायनी-पाताळगंगा व खोपोली येथील कारखान्यांना लागणारी आम्ले, हा सर्व द्रवरूप माल आपल्या दारावरून जातो आणि त्यातला बराचसा बोरघाट चढतो-उतरतो. बारावीनंतर घरी बसलेला मुलगा विचारतो, "काका, टँकरवर लागू का?" प्रस्तुत लेखकाने बरीच वर्षे टँकर चालविला असल्याने हा प्रश्न त्याला वारंवार ऐकावा लागतो. एका वाक्यात त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

ट्रक आणि टँकर यांतला पहिला फरक असा की, ट्रकमधला माल बांधता येतो, टँकरमधला बांधता येत नाही. डोक्यावरून पाणी आणणाऱ्या आपल्या माता-भगिनींना हे सांगावे लागत नाही. काठोकाठ भरलेली घागर स्थिर असते, अर्धी घागर हिंदकळते. टँकरचेही तसेच. ब्रेक दाबला की गाडी थांबू लागते, पण पोटातला माल थांबत नाही. तो लाट होऊन पुढे येतो आणि गाडीला पाठीमागून ढकलतो. वळणावर तीच लाट बाहेरच्या बाजूला चढते व गाडीचा तोल जातो. म्हणून टाकीत कप्पे पाडतात आणि भोके असलेले आडवे पत्रे बसवितात. त्यामुळे पुढे-मागे होणारी लाट मोडते, परंतु वळणावर बाजूला चढणारी लाट फारशी मोडत नाही. तेथे वेग कमी ठेवणे हाच उपाय.

मग टाकी काठोकाठ का भरत नाहीत? कारण द्रव तापला की फुगतो आणि त्याला जागा लागते. ११ जुलै १९७८ रोजी स्पेन देशात लोस अल्फाकेस येथील पर्यटकांच्या छावणीशेजारी प्रॉपिलीन वायूच्या टँकरचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे मेली. त्या टँकरमध्ये मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त माल भरलेला होता.

वजनाचे गणितही समजून घ्यावे. १२,००० लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ९ टन. तेवढेच पाणी १२ टन. तेवढेच सल्फ्युरिक आम्ल मात्र २२ टन भरेल. म्हणून आम्लाच्या टँकरची टाकी लहान दिसते. ती पाहून "आज हलकी गाडी मिळाली" असे नव्या मुलाला वाटते, आणि घाटात त्याला खरे काय ते कळते. उन्हाळ्यात आपल्या वाड्या-पाड्यांवर पाणी नेणाऱ्या टँकरचीही गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. एवढा पाऊस पडणाऱ्या तालुक्यांत पाण्याचे टँकर फिरावेत हे दुर्दैव, पण तो विषय वेगळा. त्या टँकरवर धोक्याची पाटी नसते म्हणून तो सोपा समजला जातो. वास्तविक पाहता एका पाड्यावर निम्मे पाणी देऊन दुसऱ्या पाड्याकडे कच्च्या रस्त्याने उतरणारा टँकर उलटण्यास अगदी योग्य अवस्थेत असतो.

आता घाट. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर नाणे टाकतात. टाकायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु घाटमाथ्यावर गाडी उभी करून हवेच्या ब्रेकचा काटा पाहणे आणि टायरला हात लावून पाहणे हा प्रश्न ज्याचा त्याचा नाही, ते केलेच पाहिजे. जुन्या ड्रायव्हरांचा नियम असा की, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. गाडीला इंजिनाने धरून ठेवावयाचे असते, ब्रेकने नव्हे. ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. पायाखाली पेडल असते, पण गाडी ऐकत नाही.

हे सर्वांना ठाऊक असूनही काही ड्रायव्हर न्यूट्रलमध्ये घाट उतरतात. का? केवळ बेफिकिरी हे त्याचे उत्तर नव्हे. ज्या एका मालकाकडे लेखक कामाला होता, तेथे दर खेपेस ठराविक डिझेल मिळे, जास्त लागले तर पगारातून कापले जाई आणि वाचले तर ते ड्रायव्हरचे. खेपेमागे भत्ता वेगळा. म्हणजे सावकाश व गिअरमध्ये उतरणाऱ्याचे दुहेरी नुकसान. घाटात अपघात झाला की वर्तमानपत्रात "चालकाचे नियंत्रण सुटले" असे छापून येते. ते नियंत्रण पगाराच्या हिशेबात किती आधी सुटलेले असते, हे कोणी छापत नाही.

दुसरी कपात 'शॉर्टेज'ची. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे लक्ष द्यावे. पेट्रोल एका अंशाने थंड झाले की दर हजार लिटरला सुमारे एक लिटर आकसते. समजा माहुलला दुपारच्या उन्हात १२,००० लिटर भरले आणि कर्जतच्या पंपावर पहाटे खाली केले. माल पाच अंशांनी उतरला असेल तर डिपरॉडवर जवळजवळ ६० लिटर कमी दिसणार. सील शाबूत, एक थेंब सांडलेला नाही, तरी पंपवाला ड्रायव्हरकडे चोर म्हणून पाहतो. यावर उपाय भांडण नव्हे. भरताना तापमान आणि घनता चलनावर लिहून घ्यावी, उतरविताना दोन्ही पुन्हा मोजावी आणि १५ अंशांवरच्या घनतेच्या तक्त्याशी ताडून पाहावे. दोन्ही वेळची घनता त्या तक्त्यात जुळली तर माल तोच आहे, फक्त आकसला आहे, हे कागदावर दाखविता येते. ज्याला हा तक्ता वाचता येतो त्याचा पगार सहसा कापला जात नाही, असा अनुभव आहे. नववी-दहावीचे भौतिकशास्त्र एवढ्या रोख उपयोगाचे दुसरीकडे क्वचितच पडत असेल.

माल उतरविण्याआधी टाकीला जमिनीशी जोडणारी तार लावतात. वाहणाऱ्या पेट्रोलमुळे स्थिर विद्युत साठते व तिची एक ठिणगी पुरते, म्हणून ती तार. रिकाम्या टँकरला मात्र लोक भीत नाहीत, आणि तेथेच घात होतो. माल संपला तरी वाफ उरते. तिच्यामुळे टाकीत उतरलेला क्लिनर गुदमरतो किंवा वेल्डिंगची ठिणगी पडून टाकी फुटते. टाकी धुऊन, वाफ काढून, आतील हवा तपासल्याशिवाय कोणीही सांगितले तरी आत उतरू नये.

धोकादायक मालाच्या टँकरवर चौकोनी पाटी असते. तिच्यावर मालाचे नाव, चार आकडी यूएन क्रमांक, आणीबाणीचा दूरध्वनी आणि अग्निशामक दलासाठी सांकेतिक अक्षरे असतात. पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, स्वयंपाकाचा गॅस १०७५, मिथेनॉल १२३०, सल्फ्युरिक आम्ल १८३०. हे आकडे महामार्गालगत राहणाऱ्या शाळकरी मुलांनीही पाठ करावेत असे लेखकाचे मत आहे. अपघातानंतर ड्रायव्हर बेशुद्ध असेल तर ती पाटीच बोलते. ११२ क्रमांकावर कळविताना "टँकर उलटला" एवढेच न सांगता तो चार आकडी क्रमांक सांगितला, तर फेस आणायचा की पाणी, हे निघण्यापूर्वीच ठरते. खोपोलीतील 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' या संस्थेचे स्वयंसेवक घाटात धावून जातात, त्यांनाही याच माहितीची गरज असते.

कॅन घेऊन धावणाऱ्यांविषयीही लिहिणे भाग आहे. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात बहावलपूरजवळ अहमदपूर शर्किया येथे पेट्रोलचा टँकर उलटला. आसपासचे गावकरी भांडी घेऊन तेल भरण्यास जमले. भडका उडाला आणि दोनशेहून अधिक लोक मेले. आपल्याकडे १३ जून २०२३ रोजी द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ कुणे येथील पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. पेटते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडले. चौघांचा जीव गेला, त्यांत खालून जाणारेही होते. त्यांनी तर कॅनसुद्धा नेला नव्हता.

परवान्याविषयी थोडक्यात. व्यावसायिक वाहनासाठी वय २० वर्षे पूर्ण हवे. पूर्वीची आठवी उत्तीर्णची अट २०१९ मध्ये निघाली, परंतु धोकादायक मालासाठी एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे आवश्यक आहे. शिवाय मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. काही दलाल हे प्रशिक्षण 'कागदोपत्री' करून देतात. पैसे तेवढेच जातात, आणि त्या तीन दिवसांत जे शिकायचे ते घाटात शिकावे लागते. केबिनमध्ये ट्रेम-कार्ड, म्हणजे मालाच्या धोक्यांची व उपायांची लेखी माहिती, ठेवणे ही ड्रायव्हरची जबाबदारी आहे. ती माहिती ड्रायव्हरला देणे ही माल पाठविणाऱ्याची व मालकाची जबाबदारी आहे. हे दुसरे वाक्य मुले विसरतात, मालक तर त्याहून लवकर.

कामाच्या तासांबाबत १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास ठरविले होते, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. प्रत्यक्षात भरणीच्या रांगेत घालविलेली रात्र कित्येक मालक कामात धरीत नसत. माणूस आठ तास रांगेत जागतो आणि मग त्याची 'ड्यूटी' सुरू होते. २०२४ च्या जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत टँकर-चालकांनी चाके थांबविली व पंपांवर रांगा लागल्या, हे पुष्कळांना आठवत असेल. अपघात करून पोलिसांना न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे कलम नव्या न्याय संहितेत आले होते. ड्रायव्हरांचे म्हणणे असे की, थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम मागे ठेवण्यात आले.

तेव्हा टँकरवर लागू का, असे विचारणाऱ्याने आधी मालकाला चार गोष्टी विचाराव्यात. डिझेलचा हिशेब खेपेवर की प्रत्यक्ष खर्चावर? शॉर्टेज कोण भरतो, आणि तापमान धरून की न धरता? रांगेतली रात्र कशात मोजता? आणि घाटात ब्रेक संशयास्पद वाटला व गाडी उभी केली, तर त्या दिवसाचे पैसे मिळतील काय? उत्तरे तोंडी न घेता नेमणुकीच्या कागदावर घ्यावीत. कागद वाचून घेण्यास कोणी हवे असल्यास रविवारी सकाळी लेखक मंडळाच्या कार्यालयात असतो.