आठवणीतला पाश, डब्यातली सारंगा

मराठी मूकपटांच्या स्तुतीत सर्वांत जास्त उगाळली गेलेली ओळ एका कुत्र्याच्या रडण्याविषयी आहे. बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’बद्दल लिहिताना चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी एक दृश्य आठवलं होतं: अंधूक उजेडात लांबून टिपलेली एक उदास झोपडी आणि त्या शांततेत कुत्र्याचं रडणं. ते आठवलं की आपली समाधी लागते, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. पुढे १९२५ च्या या मूकपटाची थोरवी सांगताना ती झोपडी आणि ते कुत्रं वारंवार हजर होऊ लागली.

मूकपटात कुत्रं कसं ऐकू आलं, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. उत्तर वाडियांच्याच लिहिण्यात आहे. मूक ‘सावकारी पाश’ आपल्याला पुसटसा आठवतो, बाबूराव किती मोठे कलावंत आहेत हे बोलपट पाहिल्यावर कळलं, असं त्यांनी आधी स्पष्ट म्हटलंय. बाबूरावांनी हीच कथा १९३६ मध्ये पुन्हा चित्रित केली होती. वाडियांनी आपली कबुली प्रामाणिकपणे दिली. नंतरच्यांनी तिचा पहिला अर्धा भाग गाळला आणि बोलपटाचं श्रेय मूकपटाच्या खात्यावर जमा केलं. मूकपट आज कुणाला पाहता येत नाही, म्हणून ही जमा तपासणारंही कुणी नव्हतं.

सोलापूरकराला या चित्रपटाचं जास्त वाटावं, याला कारण आहे. नारायण हरी आपट्यांच्या कथेतला शेतकरी सावकाराच्या खोट्या कागदात अडकतो, जमीन गमावतो आणि शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याचं काम तरुण शांताराम वणकुद्रे यांनी केलं, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. कथेतल्या या वाटेनेच सोलापूरच्या गिरण्या भरल्या. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. तो आधी चारच जिल्ह्यांना लागू झाला: पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर. खतावर काय लिहिलंय एवढ्यावर न थांबता व्यवहार मुळात काय झाला हे पाहण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७७ मध्ये, सोलापुरात जुनी मिल सुरू झाली होती. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी यांचे भोंगेही शहराचं घड्याळ झाले, आणि त्या भोंग्यांना ओ देणाऱ्यांत दुष्काळाने आणि कर्जाने गाव सोडलेले पुष्कळ होते.

चित्रपटाचा विषय एवढा जवळचा असूनही तो चालला नाही. प्रेक्षकांना पडद्यावर देव आणि लढाया हव्या होत्या. बाबूरावांना मान मिळाला होता तोही मुख्यतः त्याच कामाबद्दल. १९२० च्या ‘सैरंध्री’साठी लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. ‘कल्याण खजिना’ला इंग्लंडमधल्या वेंब्लीच्या प्रदर्शनात पदक मिळालं. ‘सावकारी पाश’ची कीर्ती वाढली ती नंतर, वास्तववादाला भाव आल्यावर. त्या कीर्तीला माझा आक्षेप नाही. बाबूराव थोर होते, हे ज्यांनी त्यांचं काम पाहिलं त्यांनी एकमुखाने सांगितलंय. पण न पाहिलेल्या चित्रपटाला आपण किती सहज पहिला नंबर देतो, हे खटकतं.

याच्या अगदी उलट नशीब एका प्रेमपटाचं आहे. पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा, जी. पी. पवार दिग्दर्शित ‘दिलेर जिगर’ १९३१ चा. राजाला मारून गादी बळकावणारा दुष्ट भाऊ, बाहेर लहानाचा मोठा झालेला खरा वारस हमीर आणि त्याच्याबरोबर कसरतीचे खेळ करणारी त्याची प्रेयसी सारंगा. कथा नवी नाही. डग्लस फेअरबँक्सच्या अमेरिकी साहसपटांची सावली तिच्यावर उघड आहे. लेखकाने काही वेगळं केलं असेल तर ते सारंगाच्या बाबतीत. हमीर संकटात पडतो तेव्हा ती रडत बसत नाही, मुखवटा चढवून स्वतःच तलवार घेते. या दोघांचं प्रेम उसाशांतून दिसत नाही. एकमेकांच्या अंगातल्या चपळाईवरच्या भरवशातून दिसतं. मला हे त्या काळच्या पुष्कळ गोड प्रेमकथांपेक्षा खरं वाटतं.

सारंगा झालेली मुलगी येवल्याची अंबू, वय जेमतेम पंधरा. पुढे ती ललिता पवार झाली. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’मधल्या मंथरेला शिव्या घालणाऱ्या आपल्या घरांना ही बाई कधीकाळी तलवार परजणारी नायिका होती, याची कल्पना नव्हती.

अशा चित्रपटाची समीक्षा त्या काळी कोण करणार? साहसपट हा पिटातल्या प्रेक्षकाचा खाऊ समजला जाई. त्यातच १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला आणि मूकपट रातोरात शिळे झाले. ‘दिलेर जिगर’च्या नशिबी कौतुक आलं ते सहा दशकांनी. त्याची प्रत राहिली आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोहोचली. १९९४ मध्ये इटलीतल्या पोर्देनोने इथल्या मूकपट महोत्सवाने भारतीय मूकपटांचा खास विभाग मांडला, त्यानंतर या प्रतींकडे जगातल्या अभ्यासकांचं लक्ष गेलं. आता ‘दिलेर जिगर’चं नाव निघतं ते लढणाऱ्या नायिकांच्या पूर्वजांत. १९३५ ची ‘हंटरवाली’ सारंगाच्याच घराण्यातली, आणि ती वाडियांच्या कंपनीची. स्तुती लिहिणारे वाडिया आणि मुखवट्यातली नायिका गल्ल्यावर आणणारे वाडिया एकच, हे विसरू नये.

राहिलेल्यांचा हिशेब तसा फारच तोकडा आहे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. पूर्ण किंवा तुकड्यांत हाती लागणारे तीस भरतील की नाही, शंका आहे. नायट्रेटची फीत पेटते, पेटली नाही तर चिकट होऊन कुजते, आणि धड राहिली तर चांदीसाठी विकली जाते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी साठच्या दशकापासून पुण्यात डबे गोळा केले नसते तर फाळक्यांचंही फार काही उरलं नसतं. त्याच पुण्यात जानेवारी २००३ च्या आगीत नायट्रेटच्या फितींचा मोठा साठा जळाला. हिमांशू राय यांच्या ‘शिराज’ आणि ‘प्रपंच पाश’ या प्रेमपटांचं बरं झालं. ते परदेशी भागीदारीत निघाले होते, म्हणून त्यांच्या प्रती लंडनला राहिल्या. ‘प्रपंच पाश’ २००७ मध्ये नितीन सोनी यांच्या संगीतासह ट्रफाल्गर चौकात दाखवला गेला. ‘शिराज’ला २०१७ मध्ये अनुष्का शंकर यांनी संगीत दिलं. नव्या समीक्षकांनी दोन्हींची वाहवा केली. बाबूरावांचे भागीदार कोल्हापूरचे होते, बर्लिन-लंडनचे नव्हते.

‘दिलेर जिगर’ आला ते वर्ष सोलापूरला वेगळ्याच कारणाने पाठ आहे. मे १९३० मध्ये शहरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव सेन्सॉरला न सोसल्याने प्रभातला आपला शिवाजीपट ‘उदयकाल’ म्हणून आणावा लागला, तोही याच सुमाराला. अशा दिवसांत हडपलेली गादी लोकांच्या साथीने परत मिळवणाऱ्या हमीर-सारंगाकडे प्रेक्षक नुसती प्रेमकथा म्हणून बघत असेल, हे मला पटत नाही. ‘गादी कुणाची’ हे पडद्यावरच्या राजापुरतं राहिलं की सेन्सॉरला कापण्यासारखं काही सापडत नसे, एवढंच.

आणखी एक गोष्ट समीक्षकांच्या यादीत येत नाही. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बोळात बोलल्या जातात. मूकपटाला त्यांतली कुठलीच भाषा परकी नव्हती. मधल्या पाट्या दोन-तीन भाषांत असत, ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची आणि शेजारचा आपल्या बोलीत पुढे सांगे. तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर आणि मराठी गिरणीकामगार एकाच उडीला एकदम टाळी देऊ शकत. बोलपट आल्यावर चित्रपटाला आवाज मिळाला आणि प्रेक्षकांची वाटणी झाली. इथल्या एखाद्या फिल्म सोसायटीने आज ‘दिलेर जिगर’ लावायचं ठरवलं, तर पाट्या कुणी आणि कुठल्या भाषेत वाचायच्या यावरच पहिली बैठक रंगेल, आणि ती रंगावी.