नऊ खुर्च्यांचं दुकान आणि एक वाटी रामेन



"सर, जागाच लहान आहे, धंदा वाढणार कसा?" दर बॅचमध्ये कुणीतरी हे विचारतंच. आज त्याचं उत्तर एका वाटीतून देतो.

जपानच्या फुकुओका शहरात, हाकाता भागात, मी एका छोट्या रामेनच्या दुकानात गेलो होतो. एक लांब काउंटर, नऊ खुर्च्या, पलीकडे काम करणारी दोन माणसं. वेटर नाही. दाराशीच एक मशीन. पैसे टाका, बटण दाबा, तिकीट घ्या. म्हणजे ऑर्डर आणि पैसे दोन्ही खुर्चीवर बसायच्या आधीच उरकलं. गल्ल्यावर माणूस नको, उधारीचा प्रश्नच नाही.

काही मिनिटांत वाटी समोर आली. डुकराची हाडं तासन्‌तास उकळून केलेलं दुधाळ सूप, त्यात शेवयांसारखे बारीक नूडल्स, वर मांसाचे काप आणि कांद्याची पात. मी मात्र फोटो काढत बसलो! पहिला घास घेतला तोवर नूडल्स मऊ पडले होते. शेजारच्या गृहस्थांनी सुर्र सुर्र करत निम्मी वाटी संपवलीही होती.

बारीक नूडल्सचं गणित

चूक माझीच. हे नूडल्स मिनिटभरात शिजतात आणि तितक्याच लवकर मऊ होतात. इथल्या नागाहामा मासळीबाजारातल्या लोकांना जेवायला वेळ नसायचा, म्हणून झटपट शिजणारे नूडल्स. जास्त वाढले तर खाईपर्यंत मऊ होणार, म्हणून वाटीत बेतानेच. पोट भरलं नाही? मग उरलेल्या सुपात ताजे नूडल्स घालून घ्यायचे. याला म्हणतात 'काएदामा'.

मीही काएदामा मागवला, 'काता' म्हणजे जरा कडक. या वेळी फोन खिशात! नूडल्स दाताखाली छान लागत होते, सुपाची चवही त्यांना धरून होती. तीच वाटी, पण खाण्याची मजाच वेगळी.

आता धंद्याच्या नजरेने बघा. सगळ्यात मेहनतीचं काय? सूप. काएदामात सूप पुन्हा द्यावंच लागत नाही, तरी बिलात साधारण 100 ते 150 येनची भर पडते. शिवाय गिऱ्हाईक 15 मिनिटांत उठलं, तर नऊ खुर्च्यांवर तासाला 36 जण जेवतात. तेच 45 मिनिटं बसलं, तर फक्त 12.

पण हुरळून जाऊ नका

जपानमध्ये '1000 येनची भिंत' म्हणतात. त्यापेक्षा महाग रामेन घ्यायला लोक कचरतात. इकडे पीठ, मांस, वीज, पगार सगळं वाढतंय. 2024 मध्ये तिथे रामेन दुकानांच्या दिवाळखोरीचा विक्रम झाला. म्हणजे गर्दी असली तरी एका वाटीमागे हातात काय उरतं, हे रोज बघावंच लागतं.

तुमचा गृहपाठ

मोठ्या जागेसाठी कर्ज काढण्याआधी एक दिवस वही घेऊन बसा:

1. एक गिऱ्हाईक तुमची जागा किती मिनिटं अडवतं?
2. तुमचं 'सूप' कोणतं, म्हणजे सगळ्यात जास्त खर्च आणि मेहनत कशात जाते?
3. ते पुन्हा न देता विकता येईल असा तुमचा 'काएदामा' कोणता?

या तीन उत्तरांनंतरही जागा कमी वाटली, तर खुशाल मोठं दुकान बघा.