स्कँडिनेव्हियन भाषांची वाक्यरचना

स्कँडिनेव्हियन भाषा किंवा उत्तर जर्मेनिक भाषा हा भारत-युरोपीय भाषाकुळातील जर्मेनिक शाखेचा एक उपगट आहे. डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक व फेरोईज या या गटातील प्रमुख भाषा असून त्या बोलणाऱ्यांची संख्या सुमारे २ कोटी आहे. नॉर्वेजियन भाषेला बूक्मोल व नीनॉर्स्क अशी दोन प्रमाण लेखनरूपे आहेत. फिनलंडमधील फिनिश भाषा आणि उत्तरेकडील सामी भाषा या प्रदेशाने जवळच्या असल्या तरी त्यांचे कुळ उरालिक आहे; त्यामुळे त्यांची गणना या गटात होत नाही.

व्याकरणाच्या दृष्टीने या भाषांचे दोन वर्ग पडतात. डॅनिश, स्वीडिश व नॉर्वेजियन या मुख्यभूमीवरील भाषांनी प्राचीन विभक्ती आणि क्रियापदाची पुरुषवाचक रूपे बहुतांशी टाकून दिली. आइसलँडिक व फेरोईज या बेटांवरील भाषांनी ती बऱ्याच अंशी जपली. एकाच मूळ भाषेपासून निघालेल्या या दोन वर्गांची तुलना केली असता, शब्दांचे प्रत्यय गळून पडल्यावर वाक्याची घडण कशी बदलते, हे पाहता येते. या लेखातील परकीय उदाहरणांचे देवनागरी लेखन स्थूल असून ते मूळ वर्णलेखनाला धरून केले आहे. प्रत्यक्ष उच्चार काही ठिकाणी वेगळे आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या भाषांचे सर्वांत जुने पुरावे रून लिपीतील कोरीव लेखांत मिळतात. डेन्मार्कमधील गालेहुस येथे १७३४ साली सापडलेल्या सोन्याच्या शिंगावर सुमारे इ.स. ४०० च्या काळातील एक लेख होता. त्यात कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद असा क्रम आहे. मराठीचा सर्वसाधारण क्रमही हाच होय. पुढील शतकांत मात्र क्रियापद वाक्याच्या शेवटून पुढे सरकले आणि कर्म त्याच्या नंतर येऊ लागले. आइसलँडिक लेखनात कर्म मुख्य क्रियापदाच्या आधी ठेवण्याची जुनी पर्यायी रचना एकोणिसाव्या शतकापर्यंत आढळते.

क्रियापदाचे दुसरे स्थान

स्कँडिनेव्हियन वाक्यरचनेचा पायाभूत नियम असा की, विधानार्थी मुख्य वाक्यात काळ दाखवणारे क्रियापद नेहमी दुसऱ्या स्थानी येते. पहिल्या स्थानी कोणता घटक ठेवायचा याची मोकळीक आहे. ‘मी आज पुस्तक वाचतो’ हे विधान स्वीडिशमध्ये पुढीलप्रमाणे मांडता येते:

१. याग लेसेर बोकेन इ दाग (शब्दशः ‘मी वाचतो पुस्तक आज’).
२. इ दाग लेसेर याग बोकेन (शब्दशः ‘आज वाचतो मी पुस्तक’).
३. बोकेन लेसेर याग इ दाग (शब्दशः ‘पुस्तक वाचतो मी आज’).

तिन्ही वाक्यांत ‘लेसेर’ हे क्रियापद जागचे हललेले नाही. कर्त्याखेरीज दुसरा घटक आरंभी आला, तर कर्त्याला क्रियापदाच्या मागे जावे लागते. येथे ‘स्थान’ म्हणजे एक शब्द नव्हे, तर एक संपूर्ण पदसमूह. ‘नदीकाठी राहणारा म्हातारा शिक्षक’ असा लांब पदसमूह किंवा ‘जेव्हा पाऊस पडतो’ असे अख्खे गौणवाक्यही पहिले स्थान व्यापू शकते. त्याच्या पाठोपाठ क्रियापद यावेच लागते. होय-नाही अशा उत्तराच्या प्रश्नात पहिले स्थान रिकामे राहते आणि वाक्याची सुरुवात क्रियापदाने होते.

सहायक क्रियापद असल्यास दुसरे स्थान त्याला मिळते व मुख्य क्रियापद मागे राहते: ‘इ दाग हार याग लेस्त बोकेन’ म्हणजे ‘आज मी पुस्तक वाचले आहे’. जर्मन भाषेत अशा वेळी मुख्य क्रियापद वाक्याच्या अगदी शेवटी जाते. स्कँडिनेव्हियन भाषांत ते कर्माच्या आधीच येते. दोन्ही भाषासमूहांतील हा ठळक भेद आहे.

गौणवाक्य आणि नकाराचे स्थान

मुख्यभूमीवरील भाषांत मुख्यवाक्य व गौणवाक्य यांतील फरक नकारवाचक शब्दाच्या जागेवरून ओळखता येतो. स्वीडिशमध्ये ‘हान लेस्ते इंते बोकेन’ (‘त्याने पुस्तक वाचले नाही’) या मुख्यवाक्यात ‘इंते’ हा नकार क्रियापदानंतर येतो. हेच विधान गौणवाक्य झाले की ‘आत हान इंते लेस्ते बोकेन’ (‘की त्याने पुस्तक वाचले नाही’) असे होते आणि नकार क्रियापदाच्या आधी जातो. आइसलँडिकमध्ये हा फरक पडत नाही. ‘आध हान लास एक्की बोकिना’ या गौणवाक्यातही ‘लास’ हे क्रियापद ‘एक्की’ या नकाराच्या आधीच राहते.

डॅनिश भाषावैज्ञानिक पाउल डिडरिक्सेन यांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या डॅनिश व्याकरणात या व्यवस्थेचा आराखडा मांडला. त्यांनी वाक्याची आरंभक्षेत्र, मध्यक्षेत्र आणि आशयक्षेत्र अशी तीन क्षेत्रे कल्पिली व प्रत्येक घटकाला त्यात ठरावीक घर दिले. डेन्मार्क, स्वीडन व नॉर्वे येथील व्याकरणाच्या अध्यापनात हा आराखडा पुढे रूढ झाला.

सर्वनामरूपी कर्माचे स्थलांतर

कर्म नाम असेल तर ते नकारानंतर येते: ‘याग लेस्ते इंते बोकेन’ (‘मी पुस्तक वाचले नाही’). कर्म आघातरहित सर्वनाम असेल तर ते नकाराच्या आधी सरकू शकते: ‘याग लेस्ते देन इंते’ (‘मी ते वाचले नाही’). स्वीडिशमध्ये हे स्थलांतर ऐच्छिक आहे, तर डॅनिशमध्ये आवश्यक. मात्र सहायक क्रियापदामुळे मुख्य क्रियापद मागेच राहिले असेल, तर सर्वनामालाही सरकता येत नाही. ‘याग हार इंते लेस्त देन’ असेच म्हणावे लागते. कर्माचे स्थलांतर क्रियापदाच्या स्थलांतरावर अवलंबून असते, हे तत्त्व स्वीडिश भाषावैज्ञानिक आंदेर्स होल्मबेर्य यांनी १९८६ साली मांडले. ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

नामाला जोडला जाणारा निश्चयवाचक प्रत्यय

इंग्रजीत निश्चयवाचक उपपद नामाच्या आधी स्वतंत्रपणे येते. स्कँडिनेव्हियन भाषांत ते प्रत्यय होऊन नामाच्या शेवटी जोडले जाते: ‘हूस’ म्हणजे घर व ‘हूसेत’ म्हणजे ते (ठरावीक) घर. नामानंतर येणारे एक दर्शक सर्वनाम कालांतराने नामात मिसळून हा प्रत्यय तयार झाला. डेन्मार्कमधील पश्चिम युटलंडच्या बोलीत मात्र उपपद नामाच्या आधीच येते.

नामापूर्वी विशेषण आले की या भाषांचे मार्ग वेगळे होतात. ‘ते मोठे घर’ या अर्थी स्वीडिशमध्ये ‘देत स्तोरा हूसेत’ आणि नॉर्वेजियनमध्ये ‘देत स्तोरे हूसेत’ असे म्हणतात. येथे आरंभीचे स्वतंत्र उपपद आणि शेवटचा प्रत्यय दोन्ही येतात. यास दुहेरी निश्चय म्हणतात. डॅनिशमध्ये ‘देत स्तोरे हूस’ असे केवळ उपपद येते, तर आइसलँडिकमध्ये ‘स्तोरा हूसिध’ असा केवळ प्रत्यय.

लिंग, वचन व विभक्ती

आइसलँडिक, फेरोईज आणि नीनॉर्स्क यांत मराठीप्रमाणे पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आहेत. स्वीडिश व डॅनिशमध्ये पहिल्या दोहोंचा संयोग होऊन सामान्यलिंग व नपुंसकलिंग अशी दोनच उरली. बूक्मोलमध्ये दोन्ही पद्धती चालतात. विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. ‘घर मोठे आहे’ अशा वाक्यात विशेषण विधेय म्हणून आले, तरी ते बदलते. मराठी वाचकाला हे स्वाभाविक वाटेल. जर्मनमध्ये मात्र विधेय विशेषण अविकारी राहते.

आइसलँडिक नामाला चार विभक्ती आहेत. ‘घोडा’ या अर्थाच्या शब्दाची एकवचनी रूपे ‘हेस्तुर, हेस्त, हेस्ती, हेस्त्स’ अशी अनुक्रमे प्रथमा, द्वितीया, चतुर्थी व षष्ठीची आहेत. मुख्यभूमीवरील प्रमाण भाषांत विभक्तीभेद सर्वनामांपुरता उरला आहे. षष्ठीचा ‘स’ टिकला असला, तरी तो आता संपूर्ण पदसमूहाच्या शेवटी लागतो. डॅनिशमध्ये ‘डेन्मार्कच्या राजाचा’ हे ‘कोंगेन आफ डान्मार्क्स’ असे होते. ‘राजा’ या शब्दाऐवजी शेवटच्या ‘डान्मार्क’ला ‘स’ लागतो.

क्रियापदाचेही असेच झाले. स्वीडिशमध्ये मी, तू, तो, आम्ही, ते या सर्वांसाठी वर्तमानकाळाचे एकच रूप चालते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लेखनात अनेकवचनी क्रियारूपे वापरली जात. नंतर ती लोप पावली. क्रियापदावरून कर्ता कळेनासा झाल्यामुळे कर्त्याचे स्थान भरणे आवश्यक ठरले. ‘आज पाऊस पडतो’ हे स्वीडिशमध्ये ‘इ दाग रेग्नार देत’ असे म्हणतात. त्यातील ‘देत’ या शब्दाला अर्थ नाही, तो केवळ कर्त्याची जागा भरतो. आइसलँडिकमध्ये ‘ई दाग रिग्निर’ एवढेच पुरते.

आत्मवाचक सर्वनाम

मराठीत ‘तो आपल्या बायकोवर प्रेम करतो’ आणि ‘तो त्याच्या बायकोवर प्रेम करतो’ यांत जो भेद करता येतो, तो स्कँडिनेव्हियन भाषांत नियमाने पाळला जातो. स्वीडिशमध्ये ‘हान एल्स्कार सिन फ्रू’ म्हणजे स्वतःच्या बायकोवर, तर ‘हान एल्स्कार हान्स फ्रू’ म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी बायकोवर. मराठीतील ‘आपला’ कोणत्याही पुरुषी कर्त्यासाठी येतो. ‘सिन’ केवळ तृतीयपुरुषी कर्त्यासाठी येतो. डॅनिशमध्ये अनेकवचनी कर्त्यासाठीही तो चालत नाही.

प्रथमेत नसलेला कर्ता

आइसलँडिकमध्ये अनुभव, भावना व शारीरिक अवस्था सांगणाऱ्या अनेक क्रियापदांचा कर्ता प्रथमा विभक्तीत नसतो. ‘म्येर एर काल्त’ म्हणजे ‘मला थंडी वाजते’; यातील ‘म्येर’ हे चतुर्थीचे रूप आहे. ‘हेन्नी लिकुधु हेस्तार्निर’ म्हणजे ‘तिला घोडे आवडले’. येथे अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत, घोडे प्रथमेत आणि क्रियापदही घोड्यांनुसार अनेकवचनी आहे. मराठी वाक्याची घडण अशीच आहे.

अशा वाक्यांतील चतुर्थ्यंत पदाला कर्ता म्हणावे की नाही, या प्रश्नाची आइसलँडिकच्या संदर्भात १९७० च्या दशकापासून विशेष चर्चा झाली. विभक्ती बाजूला ठेवून वाक्यातील वर्तन तपासले असता हे पद कर्त्यासारखेच वागते. प्रश्नार्थक वाक्यात ते कर्त्याप्रमाणे क्रियापदाच्या लगेच नंतर येते आणि आत्मवाचक सर्वनामाचा संबंध त्याच्याशी जुळतो. मराठीतही ‘त्याला आपली आई आठवली’ या वाक्यात ‘आपली’ या शब्दाचा संबंध ‘त्याला’ या पदाशी आहे. प्रथमा विभक्ती हे कर्त्याचे अपरिहार्य लक्षण नाही, असा निष्कर्ष या चर्चेतून पुढे आला.

याच रचनेशी आइसलँडमधील एक शालेय वाद निगडित आहे. ‘इच्छा होणे’ या अर्थाच्या क्रियापदाबरोबर परंपरेने द्वितीया लागते: ‘मिग लांगार’ (‘मला इच्छा आहे’). अनेक आइसलँडिक भाषक त्याऐवजी चतुर्थी योजून ‘म्येर लांगार’ म्हणतात. या प्रवृत्तीला ‘चतुर्थीचा आजार’ अशा अर्थाचे नाव मिळाले असून शाळांत ती चूक मानून सुधारली जाते. भाषावैज्ञानिकांच्या दृष्टीने हा नियमबद्ध बदल आहे. अनुभव घेणाऱ्या कर्त्यास बहुधा चतुर्थी लागते, असा नियम बोलणाऱ्यांनी मनाशी बांधला आणि अपवादांनाही तो लावला. मराठीत द्वितीया व चतुर्थी या दोहोंना ‘स, ला, ते’ हेच प्रत्यय असल्याने असा वाद उद्भवण्यास जागाच राहत नाही.

अभ्यासाची परंपरा

आइसलँडमध्ये बाराव्या शतकातच मातृभाषेच्या लेखनपद्धतीवर एक निबंध लिहिला गेला. त्यास ‘पहिला व्याकरणनिबंध’ म्हणतात. डॅनिश विद्वान रास्मुस रास्क यांचे आइसलँडिक व्याकरण १८११ साली प्रसिद्ध झाले. हेच रास्क १८२० साली मुंबईत आले होते. तेथील पारशी धर्मपंडितांकडून त्यांनी अवेस्ता व पहलवी भाषांची माहिती घेतली आणि हस्तलिखिते मिळवून कोपनहेगनला नेली. नॉर्वेमध्ये ईवार ओसेन यांनी ग्रामीण बोलींचा अभ्यास करून १८४८ व १८६४ साली व्याकरणे प्रसिद्ध केली; त्यांच्याच कार्यातून नीनॉर्स्कचा पाया घातला गेला. नॉर्वेजियनचे विस्तृत संदर्भव्याकरण १९९७ मध्ये, तर स्वीडिश अकादमीचे चार खंडांतील व्याकरण १९९९ मध्ये प्रकाशित झाले.