डोंगरवाऱ्यावर स्वार होण्यापूर्वी

अर्जेंटिनातील एल कॅलाफाते येथून ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेचे साहसवीर स्टीव्ह फॉसेट आणि त्यांचे सहवैमानिक आयनार एनेव्होल्डसन यांनी ग्लायडरने उड्डाण केले. अँडीज पर्वतावरील हवेच्या लाटांचा आधार घेत त्यांनी सुमारे १५,४६० मीटर उंची गाठली. तो तेव्हाचा विश्वविक्रम ठरला. पुढच्याच वर्षी, ३ सप्टेंबर २००७ रोजी, फॉसेट नेवाडातून एका छोट्या इंजिनाच्या विमानाने निघाले, ते परतलेच नाहीत. २००८ मध्ये सिएरा नेवाडा पर्वतात विमानाचे अवशेष सापडले. विमानाच्या चढण्याच्या क्षमतेपेक्षा डोंगरातील अधोवाताचा जोर अधिक होता, असा निष्कर्ष अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला.

ज्या वाऱ्याने विक्रम घडवला, त्याच वाऱ्याने घात केला. इंजिनाच्या विमानाची ही गत, तर मग इंजिनच नसलेल्या ग्लायडरचे काय? डोंगरात ग्लायडर उडविणाऱ्यांसाठी पूर्वतयारी हा औपचारिकतेचा भाग नसतो, तो याचसाठी.

वारा कसा वाहतो?

सिंहगडाच्या कड्याजवळ पंख न हलवता तरंगणारी घार आपण सर्वांनीच पाहिली आहे. वारा डोंगरावर आदळतो आणि उताराला धरून वर चढतो. घार त्याच प्रवाहावर तोललेली असते. ग्लायडरही तेच करते. उन्हाने तापलेल्या उतारांवरून उठणारे उष्ण प्रवाह हा उचलीचा दुसरा स्रोत. तिसरा म्हणजे पर्वत ओलांडल्यानंतर हवेत उमटणाऱ्या लाटा. भिंगाच्या आकाराचे, जागच्या जागी स्थिर दिसणारे ढग ही या लाटांची खूण. मात्र त्याच लाटांखाली हवेचे प्रचंड भोवरे असतात आणि डोंगराच्या आडोशाच्या बाजूला हवा वेगाने खाली कोसळते. म्हणूनच उड्डाणापूर्वी दिवसभरातील वाऱ्याची दिशा, वेगवेगळ्या उंचीवरील त्याचा वेग आणि दुपारनंतरच्या गडगडाटी ढगांची शक्यता यांचा अभ्यास करावा लागतो.

आधी वैमानिक

हवा विरळ होत जाते तसा मेंदूला मिळणारा प्राणवायू कमी होतो. धोका असा, की हे ज्याचे त्याला कळत नाही. उलट काही वेळा सारे उत्तम चालले आहे, असेच वाटत राहते. अमेरिकेच्या नियमांनुसार १२,५०० फुटांहून अधिक आणि १४,००० फुटांपर्यंतच्या उंचीवर अर्ध्या तासाहून जास्त काळ राहिल्यास, तर १४,००० फुटांवर सतत, वैमानिकाने प्राणवायू घेणे बंधनकारक आहे. नळी जोडलेली आहे, सिलिंडर भरलेला आहे आणि प्रवाह सुरू आहे, याची खात्री जमिनीवरच करायची असते.

पाणी पुरेसे प्यायला हवे. लघवीची सोय नाही म्हणून पाणी टाळणे ही नवख्यांची नेहमीची चूक. तहानलेल्या शरीराचे निर्णय चुकतात. खाली उन्हाळा असला तरी वर गोठवणारी थंडी असते. त्यामुळे उबदार कपडे, काळा चष्मा आणि टोपी हवीच. डोंगरात उतरावे लागले तर रात्र काढता येईल एवढे साहित्य, शिट्टी, आरसा आणि ठिकाण कळविणारे संदेशयंत्र खिशात किंवा पॅराशूटलाच बांधलेले असावे. ग्लायडर सोडून उडी मारावी लागली, तर सामानाची पिशवी बरोबर येत नाही.

मग ग्लायडर

पंख जोडल्यानंतर प्रत्येक नियंत्रण दुसऱ्या व्यक्तीला हाताने अडवायला सांगून तपासतात. आत दांडा हलला म्हणजे बाहेरचा पृष्ठभागही जोडलेला आहे, असे गृहीत धरता येत नाही. थंडीत बॅटरीची शक्ती घटते, म्हणून ती पूर्ण भरलेली हवी. भोवऱ्यात सापडल्यावर सुटी वस्तू डोक्यावर आदळू शकते किंवा दांड्याखाली अडकू शकते. म्हणून सारे बांधून ठेवायचे.

वेगाचे गणितही उंचीवर बदलते. ६,००० मीटरवर काटा ताशी १५० किलोमीटर दाखवत असेल, तर प्रत्यक्ष वेग दोनशेच्या पुढे गेलेला असतो. पंखांत घातक कंपने निर्माण होण्याचा धोका त्यामुळे वाढतो. उंचीनुसार कमाल वेग किती, याचा तक्ता डोळ्यांसमोर लावलेला असावा. स्वित्झर्लंडमध्ये २००४ मध्ये पुढे आलेले 'फ्लार्म' हे यंत्र जवळच्या ग्लायडरची सूचना देते. अर्थात ते डोळ्यांना पर्याय नाही. डोंगरदऱ्यांत आडव्या ताणलेल्या रोपवेच्या आणि विजेच्या तारा नकाशावर आधीच शोधून ठेवाव्या लागतात.

परतीची वाट आधी

डोंगरालगत नियम साधे आहेत. वळण नेहमी डोंगरापासून दूर घ्यायचे. समोरासमोर आल्यास डोंगर ज्याच्या उजव्या हाताला, त्याला वाट द्यायची. कड्याजवळ वेग नेहमीपेक्षा जास्त ठेवायचा. धार ओलांडताना सरळ न जाता तिरके जायचे, म्हणजे उचल न मिळाल्यास मागे वळता येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उतरण्याजोगे शेत वा धावपट्टी कायम आवाक्यात हवी. आल्प्ससारख्या प्रदेशात दरीतील अशी शेते आधी चालत जाऊन पाहणे उत्तम. वरून सपाट दिसणारे शेत प्रत्यक्षात उताराचे निघते.

'पेर्लान-२' या ग्लायडरने सप्टेंबर २०१८ मध्ये अँडीजवरच २२ किलोमीटरहून अधिक उंची गाठली. असे विक्रम पुढेही होत राहतील. पण आकाशात गेल्यावर माघारी वळण्याचा निर्णय घेणे कठीण असते; कुठे, किती उंचीवर आणि किती वाजता वळायचे, हे जमिनीवर ठरवून निघणारा वैमानिकच संध्याकाळी घरी पोहोचतो.